साफ की सलग

मुरबाडच्या एसटी स्टँडमागे सायबर कॅफे चालवणारा तो माणूस मोजकंच बोलायचा. काहीही विचारलं की आधी "थांबा जरा, सर," म्हणायचा आणि शर्टाच्या बाहीने स्क्रीन पुसायचा. मला तो तुसडा वाटे.

आमच्या शाळेची एक मुलगी राज्याच्या संघातून कबड्डीचा अंतिम सामना खेळणार होती. ते चॅनेल आमच्या केबलवर येत नव्हतं, इंटरनेटवर मात्र दिसायचं. म्हणून सिद्धगडच्या पायथ्याच्या पाड्यावरून तिच्या आईला घेऊन मी कॅफेत गेलो.

चित्र स्वच्छ होतं, पण सारखं अडकायचं. मुलगी चढाईला निघाली आणि एक पाय हवेत घेऊन तशीच थिजली. चित्र हललं तेव्हा ती बादही झाली होती.

"चित्र हलकं करतो," तो म्हणाला. "या लाइनवर साफ आन् सलग, दोन्ही नाय मिळायचं."

"अरे, मग तिचा चेहरा दिसायचा नाही!" मी म्हणालो.

त्याने आईलाच विचारलं, "मावशी, तोंड बघायचं का खेळ?"

"खेळ दाव रे. तोंड तर रोजच बघते."

त्याने दर्जा उतरवला. मुलींचे रंगीत ठिपके झाले, पण ते ठिपके धावू लागले. गुण बरोबरीत होते आणि शेवटची चढाई सुरू होती. तिघींनी धरलेला एक ठिपका त्यांना ओढत मध्यरेषेवर पोचला.

"माझीच हाय ती!" आई ओरडली. "चाल वळखते मी!"

त्याने स्पीकर उचलून खिडकीत ठेवला आणि स्टँडवरच्या गर्दीला हाक मारली, "अरे ऐका, आपली पोरगी जिंकली!"