चौथ्या मजल्यावरचं पाणी

माझी आत्या लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून देते आणि राहते चौथ्या मजल्यावर, जिथे पाणी सोडून सगळं चढतं. इमारतीचा पंप सात महिने आजारी. नळाला धार आलीच तर करंगळीएवढी. मालकाला सांगून सांगून जीभ झिजली, तेव्हा आत्याने भाडंच परस्पर कमी करून टाकलं. त्यासाठी भाडे-कचेरीला आधी विचारायचं असतं, हे तिला कळलं ते मालकाने खोली खाली करून घ्यायला त्याच कचेरीत अर्ज टाकला तेव्हा. खोली गेली की धंदाही गेला.

कचेरीच्या पाहणीच्या दिवशी आत्याने पाच शेजारी साक्षीला जिन्यात उभे केले. मी म्हटलं, "आत्या, कमी बोल."

"मी कधी जास्त बोलते?" एवढं विचारायला तिला दहा मिनिटं लागली.

अधिकारीबाई फाइल घेऊन आल्या. मागे मालक, हसरा.

"मॅडम, नळ सोडून बघा ना."

धो धो पाणी! पठ्ठ्याने एका दिवसापुरता दुसरा पंप मागून आणला होता.

"रोज असंच येतं. ही बाई भाडं बुडवायला कांगावा करते."

अधिकारीबाईंनी पेन उघडलं. "साक्षीदार?"

जिना रिकामा. पाइपात खळखळ ऐकताच पाचही जण घरी पळाले होते. वळून बघतो तर आत्याही गायब. मोरीत पिंप, पातेली, कुकर, सगळं नळाखाली रांगेत. इथे खोली चाललीय आणि ही कुकर भरतेय!

"आत्या, मॅडम विचारतायत!"

"विचारू देत रे, तो डबा आण आधी!"

अधिकारीबाई शेजारच्या दारांत डोकावल्या. एका घरात आजी फुलदाणी भरत होत्या. पलीकडे एक काका शेकायची रबरी पिशवी.

"रोज पाणी येतं ना?" त्यांनी मालकाला विचारलं. "मग ही झुंबड कसली?"

"सवय हो. अडाणी माणसं."

"सवय कशाची, तेच विचारतेय."

मालकाने रुमाल काढला.

बाईंनी उभ्या उभ्या लिहिलं: मालकाचा अर्ज नामंजूर, पंप दुरुस्त होईपर्यंत भाडं कमीच. मग आत्याला झापलं, "पुन्हा न विचारता भाडं कापलंत तर खैर नाही. या, सही करा."

"दोन मिनिटं हो मॅडम," आत्या मोरीतून ओरडली, "एवढी बादली होऊ द्या. तुम्ही गेलात की हेही जाईल!"