मॅडमच्या टोपल्या आणि माझे सासरे

माझ्या सासऱ्यांनी आजवर कुणाचं वाईट केलेलं नाही. जे काही नुकसान केलं ते चांगल्या मनानं केलं.

मी मूळचा गोंदियाकडचा. आठवीत शाळा सुटली (मी तिला सोडलं की तिनं मला, यावर घरात अजून वाद आहे) आणि कामाच्या मागं फिरत नाशकात येऊन पोचलो. देवळाली कॅम्पच्या बाजूला मॅडमचा बंगला. बाग, झाडलोट, राखण माझ्याकडं. पेठकडची सुगंधा बायको म्हणून आली, तेव्हा मॅडमनी मागची खोली आम्हाला दिली. भाडं नाही! उपकारानं मी इतका वाकलोय, की उंची कमी झाली असेल. आणि रोजची भीती एकच: खोली जायला नको.

मॅडमना नाद जुन्या, मासे धरायच्या टोपल्यांचा. बांबूच्या, तोंड आत वळवलेल्या. मासा आत शिरतो, बाहेर येत नाही. (शाळेत माझं नेमकं उलटं झालं.) मॅडम पाड्यापाड्यांवर फिरून त्या विकत घेतात. लोक बिचारे नवीकोरी टोपली पुढं करतात, तर मॅडम म्हणणार, "ती नको हो, ती चुलीवर टांगलेली द्या, बूड गेलेली!" दिवाणखान्याची अख्खी भिंत अशा काळ्या, फाटक्या टोपल्यांनी भरलीय. मला हुकूम: नुसती फुंकर मारायची, फडकंसुद्धा लावायचं नाही.

मॅडम पुण्याला गेल्या आणि सासरे आले. त्यांनी भिंत बघितली.

"पाव्हणं, बाई अडचणीत हायेत का?"

"नाही हो मामा. का?"

"एवढं मोठं घर, अन् एक टोपली धड नाय! आन् भिंतीवर कोणतं मासं घावतात?"

फाटक्या टोपल्या मुद्दाम शोधून आणतात असं सांगितलं, तर मॅडमची अक्कल निघणार. ज्यांचं मीठ खातो त्यांची अब्रू राखायला नको? मी ठोकून दिलं, "दुरुस्तीला माणूसच मिळत नाही हो नाशकात!"

सासरे गप्प झाले. (ते गप्प झाले की घाबरायचं असतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.) मी त्यांच्यासाठी मासे आणायला बाजारात गेलो.

बस चुकली, परत यायला दुपार कलली, तर फाटकापर्यंत काळ्या पाण्याचा ओहोळ! अंगणात सुगंधा पदर खोचून टोपल्या घासतेय. कपड्यांची पावडर आणि तारेची घासणी!

"अगं, हे काय?"

"बाबा म्हणाले, लय धूर खाल्लाय. बघा, कसा रंग निघाला!"

पिढ्यान्‌पिढ्यांचा धूर गटारात चालला होता. ओट्यावर सासरे कोयता घेऊन बसलेले, आणि समोर मॅडमच्या बागेतला शोभेचा पिवळा बांबू आडवा!

"मामा! तो बांबू!"

"चांगला निघाला. उगीच उभा होता."

बांबू पुरला नाही तिथं खोक्याला बांधतात ती निळी प्लास्टिकची पट्टी! एकूण एक टोपली ठणठणीत!

"उसवा! आधी उसवा!" मी ओरडलो.

"सुगंधे, पाणी दे त्याला. ऊन लागलं."

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. मॅडम! निदान एक तरी टोपली फाटकी दिसावी म्हणून मी बूड फोडायला दाणकन लाथ घातली. बूड फुटलं नाही. पाय मात्र आत गेला, आणि टोपलीनं आपलं काम चोख केलं. बाहेर येईना!

मॅडमनी टोपल्या बघितल्या, बांबू बघितला, माझा पाय बघितला. माझ्या डोळ्यांपुढं आमची खोली फिरली.

सासऱ्यांनी हात जोडले. "बाई, माझ्या पोरीला आसरा दिला तुम्ही. द्यायला दुसरं काय नाय माझ्याकडं. हात हायेत."

मॅडमनी एक टोपली उचलली, बूड दाबून बघितलं. मग कशाबशा म्हणाल्या, "मजबूत... फार मजबूत झाल्यात हो बाबा."

खोली वाचली! पाय मात्र टोपली कापून काढावा लागला. ती कापलेली टोपली मॅडमनी भिंतीवर मधोमध टांगलीय. संग्रहात फाटकी म्हणून आता तेवढीच उरलीय. पाहुण्यांनी विचारलं की सांगतात, "हिच्यात आमचा माळी सापडला होता."

सासरे जवळ असले की पुढचं ते पुरवतात, "बाजारात नेला असता, पण घेतो कोण?"