मेडिकलची फी आणि आखाडातला शेवटचा मंगळवार

मेडिकलला जायला काय काय लागतं, हे आमच्या गावात सांगणारं कुणी नव्हतं, कारण गावातून तिकडं कुणी गेलंच नव्हतं. आता दर उन्हाळ्यात माझ्या दवाखान्यात पोरं येतात, बापाला सोबत घेऊन. कुठले दाखले लागतात, खर्च किती येतो, विचारतात. मी सगळं नीट सांगतो. आमच्या वेळी काय लागलं, ते मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमचं गाव तुळजापूरहून नळदुर्गाकडं जाताना आडबाजूला. गावची देवी लहान, पण आषाढात, आमच्याकडच्या भाषेत आखाडात, मंगळवार-शुक्रवारी आसपासची माणसं नैवेद्य घेऊन तिच्याकडं यायची. पूजा आमच्या घराण्याची. अण्णा म्हणजे माझे वडील, आणि त्यांचे थोरले भाऊ तात्या, या दोन घरांत पाळी महिन्या-महिन्यानं फिरायची. ज्याची पाळी त्याचं उत्पन्न: नारळ, खण, धान्य, ताटातले पैसे. मागची दोन-तीन सालं आखाड तात्यांच्या वाट्याला जात होता. त्या साली अधिक महिना आला, पाळ्या एका घरानं सरकल्या आणि आखाड आमच्याकडं आला. साठ-एकसष्टची गोष्ट. त्याच उन्हाळ्यात मी सोलापुरात इंटर सायन्स चांगल्या मार्कांनी पास झालो होतो.

अर्ज भरतानाच दम निघाला. शाळेतला जन्मतारखेचा दाखला निजामाच्या वेळचा, उर्दूत. तो एका म्हाताऱ्या मुन्शींकडून मराठीत करून घेतला. मग रहिवासाचा दाखला. मी सोलापुरात शिकलेला, आणि जागा मराठवाड्यातल्यांना. तहसिलीतला कारकून म्हणाला, "पाणी सोलापूरचं प्यायचं आन् दाखला आमचा मागायचा व्हय?" चार हेलपाटे घालून तोही मिळाला. शेवटी औरंगाबादचं पत्र आलं. अमुक गुरुवारी पालकाला घेऊन मुलाखतीला या. निवड झाली तर फी, डिपॉझिट आणि वसतिगृहाचे पैसे त्याच दिवशी भरायचे. नाही भरले तर जागा पुढच्याला.

मी अण्णांना खर्च वाचून दाखवत होतो. हाडांचा संच लागतो, तोही आपणच घ्यायचा, असं म्हणालो, तशी अण्णांनी मान वर केली.

"हाडं? कुणाची?"

"माणसाची. शिकायला लागतात. वापरलेली स्वस्तात मिळतात."

"आन् ती घरात आणणार?"

"नाही हो. वसतिगृहात."

"तरी बरं. पुजाऱ्याच्या घरात माणसाची हाडं म्हटल्यावर तात्या पंचायत बसवंल."

आई चुलीपाशी होती. म्हणाली, "हाडंबी इकत घ्यायची? हितं तर फुकट झिजत्यात." आम्ही तिघं हसलो. आतून अक्काही हसली. ती माझी मोठी बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिला श्रावणाच्या शेवटाला दिवस भरणार होते. तिघांचं आणि तिचं ते एकत्र हसणं माझ्या कानात अजून आहे, म्हणून लिहिलं.

पैशांचा मार्ग एकच होता. मुरुमचा एक व्यापारी देवळातले नारळ आणि खण परत विकत घ्यायचा. कानडी वळणानं बोलायचा. अण्णांना म्हणाला, "पुजारीअप्पा, शेवटच्या मंगळवारी संध्याकाळी गाडी आणतो बघा. जे पडंल ते उचलतो, रोख देतो. मागनं मला जमणार न्हाय." शेवटचा मंगळवार सगळ्यांत मोठा. त्यानंतर दोन दिवसांनी माझी मुलाखत. म्हणजे तो दिवस हातात आला तर मी डॉक्टर, नाहीतर तालुक्याच्या शाळेत मास्तर, असा सरळ हिशोब होता.

आता आमचा एक रिवाज सांगायला हवा. ज्या घरात बाळंतपण होईल त्या घरचा हात देवीला लागायचा नाही. विटाळ तीनच दिवस, पण घरातल्या जुन्या भांडणांमुळं पंचांनी ठरवून टाकलं होतं की, पाळी एकदा सुटली की तो महिना दुसऱ्या घरी गेला. उत्पन्नासकट. तात्या आमच्यापासून वेगळे राहायचे, त्यामुळं त्यांना विटाळ लागत नव्हता. आखाड सुरू झाल्यापासून ते देवळासमोरच्या आपल्या ओट्यावर बसून कुणाची पाटी किती जड ते बघत असायचे. मला बघितलं की म्हणायचे, "काय डॉक्टर, नाडी बघा की आमची. आखाड कुणाला पचतो ते कळंल."

मंगळवारी सकाळपासून देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णा गाभाऱ्यात. हलगीवाले झाडाखाली. आमचं घर देवळाच्या मागच्या भिंतीला लागून, त्यामुळं हलगीचा ठोका भिंतीतून घरात यायचा. मी पडवीत बसून दाखले लावत होतो. आई बाहेर आली.

"अक्काला कळा लागल्यात. सुईणीला बोलाव."

"आत्ता? श्रावणात म्हणाली होतीस."

"पोटातल्याला तिथी कळतीया का?"

सुईणीचं घर देवळाच्या पुढच्या अंगाला. तिला आणायचं म्हणजे भरल्या पटांगणातून, तात्यांच्या ओट्यासमोरून आणायचं. ती आमच्या दारात शिरलेली दिसली की तात्या गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर जाऊन अण्णांना हाक मारणार. हे मला कळत होतं. आईलाही कळत होतं.

"अण्णांना सांग मग," आई म्हणाली.

"त्यांना सांगितलं तर ते तिथंच हात धुऊन उठतील, आई."

हे खरं होतं. अण्णा तसे होते. आई माझ्याकडं बघत उभी राहिली. काय करायचं ते मी सांगावं, अशी. शिकलेला मी होतो.

मी म्हणालो, "गाडी येऊन जाईस्तोवर थांब. पहिलटकरणीला वेळ लागतोच."

आई आत गेली. मागोमाग मीही दारापर्यंत गेलो. अक्का खांबाला धरून बसली होती. तोंड घामानं भिजलेलं. तिनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "तू जा रं भाहीर. म्या दम धरते. तुझं व्हऊ दे." आणि पदराचा बोळा करून दातांत धरला.

तिनं स्वतःहून म्हटलं, या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली. त्या वाक्याआधी मी बोललो होतो, हे सोडून देत.

दुपारी हलगीवाले पाणी प्यायला थांबले. पटांगण एकदम शांत झालं आणि भिंतीपलीकडून अक्काचा आवाज आला. दाबून धरलेला, लांब. नैवेद्याच्या रांगेतली एक बाई मागं वळली.

"कोण कण्हतंय गं?"

मी जवळच उभा होतो. माझ्या तोंडून निघालं, "म्हैस आहे. व्यायला आलीय."

"मग हितं काय उभा राह्यलाय? अडली असंल तर बघाया लागतं. हात घालून सोडवाया लागतं."

"आई आहे तिथं," मी म्हणालो, आणि तडक हलगीवाल्यांकडं गेलो. त्यांच्यातला म्हातारा हलगी जाळावर तापवत होता.

"मामा, आज हात थांबवू नका."

"हात हाईत डाक्टरसाब, इंजान न्हाय."

"तुमचं वेगळं देतो. गाडी येईपर्यंत वाजवा."

म्हाताऱ्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. काय दिसलं त्याला कोण जाणे. उठला आणि वाजवायला लागला. बाकीचे उठले. लोकांना वाटलं, पुजाऱ्याचं पोरगं खुशीत आहे. दोघं-तिघं नाचायला पुढं आले. ओट्यावरून तात्या ओरडले, "वाजवा! डॉक्टरची वरात हाय!" मी हसलो. हसलो हे मला पक्कं आठवतं.

त्यानंतर मी घरात गेलो नाही. जाता आलं असतं. दार वीस पावलांवर होतं. मी नारळ पोत्यात भरत राहिलो.

ऊन उतरल्यावर मुरुमची गाडी आली. माल चढला. अण्णांनी पैसे उपरण्यात बांधले, आणि बऱ्याच दिवसांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आम्ही दोघं घराकडं वळलो. आई दारात बसली होती, हात धुतलेले, पण कोपरापर्यंत नीट न धुतलेले.

"पोरगी हुती," ती म्हणाली. "जरा वेळ धुगधुगी हुती. नाळ गळ्याभवती गुतलेली. मला एकटीला सुधरंना."

अण्णांनी विचारलं, "कवा?"

"हलगी परत सुरू झाली तवा."

अण्णांनी आपल्या हातांकडं पाहिलं. दिवसभराच्या कुंकवानं ते मनगटापर्यंत लाल होते. दुपारनंतर किती लोकांच्या कपाळाला त्यांनी त्या हातांनी अंगारा लावला होता. "कुणाकुणाला ठावं हुतं?" त्यांनी विचारलं. आईनं माझ्याकडं पाहिलं. अण्णांना तेवढ्यावरून कळलं. त्यांनी उपरण्याची गाठ सोडली, पैसे माझ्या हातात दिले नाहीत, उंबऱ्यावर ठेवले आणि म्हणाले, "उचल."

मी उचलले.

पोरीला अण्णांनीच मागच्या परड्यात पुरलं. गावाला पुढच्या आठवड्यात, आखाड सरल्यावर सांगितलं, अक्काचं आठव्यातच गेलं म्हणून. अक्काच्या सासरीही तेच.

अण्णा माझ्याबरोबर औरंगाबादला आले, कारण पालक लागतो असं पत्रात होतं. एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. ते सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत राहिले. मुलाखतीच्या खोलीत तिघं होते. मार्क पाहिले, दाखले पाहिले. मग मधल्या गृहस्थांनी सगळ्यांना विचारलेलं तेच मला विचारलं. डॉक्टर का व्हायचंय?

मी म्हणालो, "सर, आमच्या खेड्यात बाळंतपणात वेळेवर मदत मिळत नाही. बायका अडतात. कुणी बोलावलं तरी यायला माणूस नसतं."

पाठ केलेलं नव्हतं. आपोआप आलं. गृहस्थांनी चष्मा काढला आणि शेजारच्याला म्हणाले, "याला प्रश्न कळलाय." माझी निवड झाली. फी मी स्वतः खिडकीवर भरली. नोटांना कुंकू लागलेलं होतं. कारकुनानं एक नोट उलटसुलट करून बघितली आणि घेतली.

अण्णांनी परत कधी देवीला हात लावला नाही. गुडघे धरलेत, बसवत नाही, असं सांगून सगळी पाळी तात्यांना देऊन टाकली. तात्यांना शेवटपर्यंत वाटलं, भाऊ पोराच्या कमाईवर माजला. अण्णांना मी पुढं पैसे पाठवायचो. त्यांनी कधी परत पाठवले नाहीत, आणि घेतलेही नाहीत. आई डब्यात ठेवायची.

कॉलेजात पुढं प्रसूतीच्या वॉर्डात आमची पाळी लागली. गळ्याभोवतीची नाळ मी पहिल्यांदा तिथं पाहिली. तिथल्या डॉक्टर बाईंनी वेढ्यात बोट सरकवलं, वेढा डोक्यावरून काढला आणि बाळ रडलं. काही नव्हतंच त्यात. त्या मला म्हणाल्या, "पाहिलंत ना? घाबरायचं नाही. नुसतं कुणीतरी जवळ असावं लागतं." मी जिन्यात जाऊन बसलो. बरोबरच्यांना वाटलं, रक्त बघून चक्कर आली. मी तसंच वाटू दिलं.

अक्काला पुन्हा मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी केली. मी दवाखाना टाकला तेव्हा ती माझ्याकडं आली ती आलीच. माझी मुलं तिनंच वाढवली. त्या मंगळवाराबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. मी डॉक्टर म्हणून किती बाळंतपणं सोडवली त्याचं लोक कौतुक करतात, तेव्हा ती उठून आत जाते.

गेल्या आखाडात एक दिवस ती ज्वारी निवडत बसली होती. एक पोरगा नुकताच मला मुलाखतीत काय विचारतात ते विचारून गेला होता. तो गेल्यावर अक्का मान वर न करता म्हणाली, "तुला काय इचारलं हुतं रं?"

"डॉक्टर का व्हायचं, म्हणून."

"मग तू काय बोललास?"

मी सांगितलं. हळूहळू, पण सांगितलं. ती निवडत राहिली. आता ही मला काय म्हणेल ते म्हणू दे, असं ठरवून मी बसलो होतो. एक खडा बाजूला टाकून ती म्हणाली, "म्हंजी तितं तरी पोरीचं नाव काढलंस. आपल्या घरात कुणीच कवा काढलं न्हाय."

मी मान हलवली. हो म्हणालो.

खरं तर मी त्या खोलीत पोरीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. बायका अडतात, एवढंच म्हणालो होतो, आणि तेही जागा मिळावी म्हणून. हे अक्काला सांगायचं धाडस मला झालं नाही. तिला वाचता येत नाही. हे लिहून झालं की मलाच तिला वाचून दाखवावं लागेल.