पालखीपुढे वाकडं झालेलं तोंड

"कोण हायस तू? नाव सांग!"

गुरव विचारत होता. माझ्या नाकाखाली मिरच्यांची धुरी होती. निखाऱ्यांवर सुक्या मिरच्या टाकलेल्या आणि मागून कुणीतरी माझी मान धरून त्या धुरात दाबलेली. डोळ्यांतून धारा. पाठीवर केरसुणीचे फटके. भोवती गोल करून गाव उभं. बायका, पोरं, मुंबईहून आलेले चाकरमानी, सगळे.

माझं नाव मला येत होतं. चांगलं येत होतं. मनातल्या मनात घोकत होते मी ते. पण तोंडातून निघे भलतंच. नुसती घरघर. आणि ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ.

"बोलत नाय बघा," गुरव म्हणाला. "हट्टी हाय. टाक आणखी मिरच्या."

मी त्या घरात भांडी घासायची. पोलादपूरहून वर कुडपणकडे रस्ता चढतो, त्या अंगाला आमचं गाव. गावात सगळ्यात मोठं घर ते. घरधनी दादा, त्यांची बायको काकी. शेती, बाग, दारात गाडी. मी खालच्या बौद्धवाडीतली. स्वयंपाकघरात मला जायचं नसे. मागच्या पडवीत बसायचं, भांडी तिथं आणून टाकत. "आता जातबीत कोण पाळतं गो," असं काकी स्वतःच म्हणायची. माझा चहाचा कप मात्र खिडकीत वेगळा, पालथा.

शिमग्याचे दिवस. देवीची पालखी घराघरात फिरत होती आणि त्या दुपारी ती दादांच्या अंगणात येऊन बसली. पुढे खालुबाजा, ढोल, सनई. मी मागे कढई घासत होते. घासता घासता हातातला काथ्या गळाला. उचलायला गेले तर बोटं वळेनात. हात माझ्याच खांद्याला होता, पण ऐकेल तर शपथ. डोक्यात कसलंसं पोकळ वाटलं. दुखलं नाय अजिबात. दुखलं असतं तर मी आधीच ओरडले असते.

कुणाला तरी सांगावं म्हणून उठले. उजवा पाय घसटत भिंतीला धरून निघाले ती सरळ पुढच्या अंगणात. पालखीच्या समोर. तिथंच गुडघे गेले. मान डोलायला लागली, तोंडातून काहीबाही आवाज. ढोलवाले आणखी जोरात वाजवायला लागले.

"अंगात आलं! अंगात आलं!"

अगो बाय! माझ्यापुढे बायका हात जोडून वाकल्या. एकीनं कपाळाला हळदकुंकू लावलं. एक म्हातारी विचारत होती, माझा लेक गावाला कधी येईल गो माते? मी कुठली माता! मला दवाखान्यात न्या, एवढंच म्हणायचं होतं मला. आमच्या घरात देव नाय. सासऱ्यांनी देवाचे टाक कधीच नदीत सोडले. आणि ह्या लोकांनी मला त्यांची देवी करून बसवलं. आजही आठवलं की हसावं का रडावं कळत नाय.

ते हळदकुंकू फार वेळ टिकलं नाय. कुणीतरी जवळ येऊन बघितलं आणि म्हणालं, "ही तर आपली भांडीवाली."

मग काकी पुढे आली. तिचे शब्द मला जसेच्या तसे पाठ हायत.

"आमची देवी हिच्या अंगात कशाला येईल? हे त्यांच्यातलंच कायतरी हाय."

कपाळावरचं कुंकू तिनं माझ्याच पदरानं पुसून काढलं. पदराला हात लावताना दोन बोटांत धरला होता. देवी असते तर सगळे पाया पडले असते. देवी नाय, म्हणजे भूत. मधलं काही नसतंच. आजारी बाई म्हणून कुणाला सुचलंच नाय. मिरच्या आल्या. केरसुणी आली.

फोनवरून वाडीत बातमी गेली तशी माझी लेक धावत आली. बारावीला होती तेव्हा. तिनं मला बघितलं आणि किंचाळलीच. "आईचं तोंड वाकडं झालंय! दादा, गाडी काढा, दवाखान्यात न्यायला पायजे!"

आमच्या गावात एक रीत हाय. पालखी अंगणात बसली की ती उठेपर्यंत त्या घराच्या फाटकातून कुणी बाहेर जायचं नाय. माणूस नाय, ढोर नाय, गाडी नाय. गेलं तर देवीकडे पाठ केली, असं होतं. दादा तेच म्हणाले.

"पालखी उठल्याशिवाय चाक हलायचं नाय. तुला ठाऊक नाय काय?"

लेक त्यांच्या पाया पडली. जमिनीवर डोकं टेकलं तिनं. मिरच्यांचं, केरसुणीचं मी एक वेळ विसरेन. पण माझी पोर त्या माणसाच्या चपलेशी डोकं घासत होती, आणि मी दोन हात अंतरावर बसून बघत होते. मला उठवता आली नाय ती. दादांनी पाय मागे घेतला, एवढंच. त्यांचा मुंबईचा इंजिनियर मुलगा मोबाइल समोर धरून उभा होता. "एक मिनिट, एक मिनिट, बाजूला व्हा जरा," असं लोकांना सांगत होता. त्याला मी नीट दिसत नव्हते.

ओट्या भरल्या. नारळ फुटले. पालखी नाचवली. गाऱ्हाणं घातलं, त्यात सगळ्या गावाचं भलं मागितलं, गुराढोरांचंसुद्धा. मी तुळशीच्या कट्ट्याला टेकून होते. सावली सरकत सरकत माझ्यावरून पलीकडे गेली. मग पालखी उठली, आणि मग वाडीतल्या माणसांनी मला रिक्षात घातलं. पोलादपुरात म्हणाले महाडला न्या. महाडला पहिला प्रश्न आला, "दारू घेतात का?" बोलणं बोबडं, तोल नाय, कपड्यांना धुराचा वास. लेक म्हणाली, आधी डोळे बघा तिचे, मिरच्यांची धुरी दिलीय तिला. तेव्हा विचारणाऱ्यानं वाकून डोळे बघितले.

डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई चांगली होती, ओरडली नाय, बसून सांगितलं. मानेतून पुढच्या बाजूनं दोन मोठ्या नळ्या रक्त घेऊन मेंदूत जातात, मागून आणखी दोन. वर त्यांना फांद्या फुटतात. माझ्या डाव्या बाजूच्या एका फांदीत गुठळी अडकली होती. नळी आतून आधीच चिंचोळी झालेली, रक्तदाबानं. रक्तदाब मला होताच. गोळ्या होत्या. बरं वाटलं की गोळी बंद, ही आमच्याकडे सगळ्यांचीच पद्धत. मेंदूकडे साठवण नसते, बाई म्हणाली. हातपाय थोडा वेळ रक्ताशिवाय कळ काढतात, मेंदूला ते जमत नाय. पाटाला दगड आडवा पडला की खालचं खाचर सुकतं तसं, पण दिवसांत नाय, मिनिटांत. डाव्या बाजूला बोलण्याची जागा असते आणि उजव्या हातापायाचीही. म्हणून दोन्ही एकदम गेलं.

"गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं," ती म्हणाली. "पण पहिल्या काही तासांतच देता येतं. आता ती वेळ गेली. इतका वेळ कुठं होतात तुम्ही?"

ह्यांना, माझ्या नवऱ्याला, कंपनीत निरोप मिळाला होता, ते एमआयडीसीतून तसेच आलेले. मान खाली घालून उभे होते.

"शिमगा होता," ते म्हणाले.

मी खाटेवर. ऐकत होते. सगळं ऐकू येत होतं मला, पहिल्यापासून. मला कळत नाय असं सगळ्यांनी धरलं होतं, म्हणून माझ्या डोक्यावरून बोलत होते. माझी जीभ मेली होती, कान नव्हते मेले.

वर्ष गेलं. पाय आता ओढत का होईना चालतो. हात नाय. बोलणं तुकड्या-तुकड्यानं परत येतंय. पाणी मागायला जाते, तोंडातून "चूल" येतं. लेकीला हाक मारायला जाते, मेलेल्या सासूचं नाव येतं. हे सगळंसुद्धा मी असंच सांगतेय आणि लेक लिहितेय. शब्द अडला की ती आपला एखादा घालते. मी तिला तो खोडायला लावते. चिडते ती. चिडू दे.

आणि तो व्हिडिओ. मुंबईच्या मुलानं तो गावाच्या ग्रुपवर टाकला होता, तिथून कुठं कुठं गेला. शेजारणीनं मला दाखवला, तिला वाटलं मला ठाऊक असेल. त्यात एक बाई हाय. केस सुटलेले, तोंड एका बाजूला ओघळलेलं, डोळे लाल. ती मोबाइलकडे बघून काहीतरी सांगतेय, परत परत. खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकलीत. कुणी हसल्याचीही. मी तो एकदाच बघितला. पण ती बाई गेली नाय. परातीतल्या पाण्यात दिसते. शेजारी फोडणी पडली, मिरचीचा वास आला, की माझी मान आपोआप खाली जाते आणि ती समोर येऊन बसते. भूत म्हणाल तर हेच. त्या दुपारी माझ्यात काही शिरलं नव्हतं, नंतर शिरलं ते. ती बाई माझ्याकडे बघत राहते.

यंदा शिमग्याच्या आधी काकी आली. सोबत गुरव. माझ्या घराची पायरी तिनं जन्मात चढली नव्हती, तेव्हाही चढली नाय, अंगणात उभी राहिली. म्हणाली, पालखीपुढे विटाळ झाला, वर्षभर आमच्या घराला चैन नाय. मुलाची नोकरी गेली. गुरव म्हणाला, पालखीपुढे नारळ ठेवायचा, नाक घासायचं, चुकलं म्हणायचं. "देवीनं तुला जिवंत ठेवली, विसरू नको."

वाडीतली चार माणसं जमली. "ठेव गो नारळ," ती माणसं म्हणाली. "आपलं काय जातंय? उगाच कटकट." हे बांधाकडे बघत होते. आमची येण्याजाण्याची वाट दादांच्या बांधावरून हाय, त्याचा विचार करत असणार. मलाही तोच आला. खोटं कशाला सांगू, नारळ ठेवून मोकळं व्हावं असं मलाही वाटलं. मी दमले होते.

तेवढ्यात लेक काकीला पाणी द्यायला उठली. सवयीनं उठली. खाली वाकून तांब्या धरला तिनं. आई नाक घासेल तशी उद्या हीसुद्धा वाकत राहील. चूक माझी? मी चुकले? माझं डोकं आतून मरत होतं तेव्हा ह्या लोकांनी फाटक लावून ठेवलं, आणि माफी मी मागू?

"नाय," मी म्हणाले.

"काय म्हणाली ती?" काकीनं ह्यांना विचारलं. मला नाय विचारलं.

"ना-य," मी परत म्हणाले. तिच्या तोंडाकडे बघून.

"हिच्या डोक्यावर परिणाम झालाय," काकी म्हणाली. "बांधावरून कशा येता-जाता तेच बघते आता."

झालाय ना परिणाम. डाव्या बाजूला झालाय, फोटोत काळा डाग दिसतो. बाकी डोकं शाबूत हाय माझं. लेकीच्या हातातला तांब्या मी डाव्या हातानं काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी बांधावर काटे पडले. आम्ही ओढ्यातून गेलो. मी आणि लेक, पोलीस ठाण्यात. भुताखेताच्या नावाखाली माणसाला मारलं तर त्याला कायदा हाय, जातीवरून कुणाला हिणवलं तर त्यालाही हाय, लेकीनं सगळं बघून ठेवलं होतं. हवालदार वाईट नव्हता. पण माझं पहिलं वाक्य अर्ध्यात अडकलं तसा तो म्हणाला, "मुलीला सांगू दे. तुम्हाला त्रास होतोय."

मी नाय म्हणून मान हलवली. मार मी खाल्ला, मी सांगणार. मी छातीवर हात ठेवला आणि पुन्हा सुरुवात केली. त्यानं पेन खाली ठेवलं, घड्याळ बघितलं, उद्या या म्हणाला. मी उद्या गेले. परत उद्या म्हणाला.

परवाही जाणार हाय. गावातले म्हणतात, समजुतीनं घ्या. वाडीतले म्हणतात, ओढा पावसात भरेल, मग कशी जाशील? जाईन. खांद्यावर बसून जाईन कुणाच्या तरी. माझं एक वाक्य पुरं व्हायला फार वेळ लागतो. मधेच शब्द हरवतो, लाळ गळते, ती मी पुसते, परत शोधते. त्यांनी तोपर्यंत थांबायचं. माझ्यावतीनं कुणी बोलायचं नाय, माझी लेकसुद्धा नाय. मिरच्या कुणी टाकल्या, मान कुणी दाबली, गाडी कुणी अडवली, एकेकाचं नाव मी माझ्या तोंडानं घेणार. पुरं बोलून झाल्याशिवाय मी त्या बाकावरून उठणार नाय.