गच्चीवरच्या कडक भाकऱ्या

मी मुलखाची हट्टी. सख्ख्या भावाशी, दादाशी, सहा वर्षं बोलले नाही. आई गेल्याचं कळलं तशी मी पुण्याहून निघाले. कुर्डुवाडीला गाडी थांबली नि दादाचा फोन आला, ‘उरकलं.’ माझ्यासाठी दोन तास थांबला नाही! आईचं तोंड बघायचं राहिलं ते राहिलंच.

तेव्हापासून पुण्याच्या फ्लॅटमध्ये मी एकटी. दिवस दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. दादाची आठवण यायची, खोटं कशाला बोलू? पण माघार घेईन तर शपथ! दर उन्हाळ्यात सोलापूरहून कडक भाकऱ्यांचा डबा यायचा. चिठ्ठी नाही, काही नाही. वहिनी रीत म्हणून पाठवत असेल, असं धरून मी शेजारीपाजारी वाटून टाकायचे.

यंदा एका लग्नाला सोलापूरला गेले आणि पाय भवानी पेठेतल्या आमच्या जुन्या घराकडे वळले. दार वहिनीनं उघडलं.

‘गच्चीवर हायत. जावा की वर, वन्सं.’

ती गच्ची आम्हा दोघांची. आई तिथं भाकऱ्या वाळत घालायची आणि कावळे हाकायला आम्हाला बसवायची. कावळ्यांपेक्षा आम्हीच जास्त खायचो. कुणाशी भांडलो, कुणावर रुसलो, सगळं तिथं बोलून व्हायचं.

दादा जुन्या साडीवर पसरलेल्या भाकऱ्या उलटत होता. बोटांवर चटक्यांचे डाग.

‘तू करतोस?’

‘मग कोण? आईनं अंथरुणात पडल्या पडल्या शिकवलं. म्हणाली, माझ्यामागं तिला पाठवत जा.’

मी साडीच्या कडेला बसले. ‘थांबला का नाहीस रे त्या दिवशी?’

‘चुकलं. सगळी म्हणाली, दिवस मावळायच्या आत उरका. मला नाही म्हणता आलं नाही.’ मग माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, ‘आईसारख्या होतात का गं?’

‘एकही खाल्ली नाही मी.’

त्याचा हात थांबला. ‘टाकल्यास?’

‘वाटल्या.’

‘बरं केलंस. कुणाच्या तरी तोंडी लागल्या.’

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. तो पुन्हा भाकऱ्या उलटू लागला. घे म्हणाला नाही. मीच एक उचलली, मोडली आणि रडत रडत खाल्ली.

‘करपलीय,’ मी म्हणाले.

‘व्हय,’ तो म्हणाला. ‘पहिल्या वर्षी तर लई करपल्या होत्या.’