मामाच्या मांडीतलं टायटॅनियम

माणसांची पारख ती किती डिग्रीला वितळतात यावरून करणारा एकच प्राणी मी पाहिलाय, आणि तो आमच्याच नात्यातला: कंग्राळीचा मामा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत वेल्डिंग करण्यात त्याचा जन्म गेला. पगार स्टेनलेस स्टीलचा, पण जीव टंगस्टनवर. समोरचं लोखंड पाणी होतं आणि वेल्डिंगची टंगस्टनची कांडी मात्र ढिम्म राहते, याचं त्याला कोण कौतुक! त्या कांड्यांचे तुकडे तो तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवायचा आणि संध्याकाळी बांधावर बसून मावळत्या सूर्याकडं बघत राहायचा. "चौतीसशे डिग्री लागत्यात ह्येला वितळायला. पर सूर्यावर ह्ये बी टिकायचं न्हाय रं," म्हणून असा हळहळायचा, जणू घरचीच लेक तिकडं दिलीय. एकदा मामीनं विचारलं, "आन् मी किती डिग्रीची?" "तू शिसं गं. जरा ऊब लागली की पाघळतीस." मामी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच त्याच्या आवडीच्या आंबोळ्या घातल्या.

ग्राइंडरला टेकवून ठिणगी बघितल्याशिवाय तो कुठलाच धातू मानत नसे. माझ्या लग्नात आलेल्या कढईचा एक कान त्यानं असाच झिजवलाय.

गेल्या वर्षी तो स्कूटरवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. टायटॅनियमचा रॉड घालायचा, उशीर केला तर चालणं विसरा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मामा सही करेना. "आधी रॉड दावा. ग्राइंडरला लावतो. पांढरीफेक ठिणगी उडाली तरच टायटॅनियम. माझी मांडी म्हंजे काय भंगाराचं दुकान हाय व्हय?" डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. अख्खा दिवस त्यात गेला. शेवटी मामीच रडत म्हणाली, "मला तुमचं धातूबितू कळत न्हाय. तुमी चालत घरला या, एवढंच कळतंय." मामानं रॉड न बघताच सही केली.

आता काठी टेकत का होईना, तो बांधापर्यंत जातो. परवा मी शेजारी बसलो होतो. मांडीवरनं हात फिरवत म्हणाला, "ह्ये चितंवर बी वितळायचं न्हाय. राखंत गावंल तुला. नदीत सोडू नको. मोठ्या भट्टीत गेलं तर नवा रॉड हुईल, कुणाच्या तरी मोडक्या हाडाला लागंल."

मला ते ऐकवेना. म्हटलं, "मामा, घरला चल. मामी वाट बघतीया."