कर्ण्यासमोरचं घर

शीकाकूंचं खरं नाव निवडणुकीच्या वेळी भिंतीवर रंगवलेलं मी वाचलं, तेवढंच. एरवी आळीत सगळे त्यांना शीकाकूच म्हणत, कारण त्यांचं जवळजवळ प्रत्येक वाक्य 'शी'ने सुरू व्हायचं. बशीच्या बुडाला चिकटलेला चहा, शी. पाहुण्यांसमोर काडीने कान कोरणारा जावई, शी. हार घालून घेताना डोळे मिटणारा पुढारी, त्यालाही शी. आणि हे म्हणताना त्यांच्या चिमटीत तपकीर असायची, कमरेला तपकिरीने माखलेला रुमाल. तो त्या झटकायला लागल्या की मी उठून दारात जाऊन उभी राहायची. अवघ्या जगाची किळस येणाऱ्या बाईला स्वतःच्या रुमालाची कशी येत नाही, असं मी एकदा तोंडावर विचारलं. त्या म्हणाल्या, "मालू, माझा रुमाल मी तुझ्या नाकासमोर बांधून ठेवते का? नाही ना? मग झालं."

मी लग्न होऊन पनवेलला आले ती स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. आमचं घर तलावाकाठच्या मैदानाला लागून, काकूंचं आमच्या शेजारी. त्या विधवा, मूलबाळ नाही, आणि आळीने त्यांना पालिकेवर निवडून दिलेलं. आमचे हे भाताच्या गिरणीत कारकून होते. गिरणीचे मालक शेठ हे गावच्या संगीत मंडळाचे अध्यक्ष, म्हणून आमचे हे आपोआप त्याचे सेक्रेटरी. दिवाळीनंतर मैदानावर तीन संध्याकाळ गायनाचा जलसा व्हायचा. मुंबईहून बुवा यायचे, गावोगावच्या बैलगाड्या सुटायच्या.

त्या जलशाबद्दल आज लोक गहिवरून बोलतात. मी मैदानाला लागून राहत होते, म्हणून मला वेगळं आठवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेलं, भुईमुगाची टरफलं आमच्या विहिरीत, आणि तलावाच्या काठाने नाकाला पदर लावल्याशिवाय जाता येत नसे. गाणं ऐकून माणसाचं मन स्वच्छ होतं म्हणतात. होत असेल. घाण सगळी आमच्या दाराशी राहायची. शिवाय चिंचेवर चार कर्णे. दुपारपासून एक पोऱ्या त्यातून "हॅलो, हॅलो" करत बसायचा. संध्याकाळी तान सुटली की ती आधी आमच्या कौलांवर आपटायची आणि मग तलावावरून फिरून परत यायची. एकच चीज आम्ही दोनदा ऐकत होतो, आणि दोन्ही वेळा न मागता.

तक्रारी होत नसत असं नाही. पण मंडळाने त्यावर एक उपाय काढला होता. जलशाच्या आदल्या दिवशी मैदानालगतच्या घरोघरी पेढ्यांचा पुडा जायचा. पेढा खाल्ला की तक्रार करायची नाही, असा अलिखित करार. माझ्या सासूबाईंसकट सगळे खात. काकूंनी तो पुडा आमच्या ह्यांच्या हातात परत ठेवला. "सेक्रेटरी, तोंड गोड केल्याने कान बंद होत नाहीत. घेऊन जा."

काकू गाण्याच्या शत्रू होत्या, असं पुढे पसरवलं गेलं. ते धादांत खोटं. जलशाला त्या पुढच्या सतरंजीवर बसायच्या, आणि तबला सुरापेक्षा वर चढलाय हे गाणाऱ्या बुवांच्या आधी त्यांच्या कपाळावर दिसायचं. त्यांना राग होता तो कर्ण्याचा. "ज्याला ऐकायचंय तो सतरंजीवर बसलाय. मग हे वरचं तोंड कोणासाठी?" असं त्या विचारायच्या.

मैदानाची परवानगी देणाऱ्या समितीवर त्या आल्या, त्या वर्षी मंडळी अर्ज घेऊन गेली. शेठ हसत म्हणाले, "काकू, आम्ही स्टेजवर बसतो. आम्हाला तर आवाजाचा काही त्रास होत नाही बुवा."

"कसा होईल? कर्ण्याची पाठ तुमच्याकडे असते." काकूंनी तपकीर ओढली. "परवानगी देते. अट एकच. अर्जावर ज्याची सही, त्याने गाणं संपेपर्यंत कर्ण्यासमोरच्या घरात बसायचं. स्टेजवर नाही. तिन्ही संध्याकाळ."

सगळे हसले. पण अट कागदावर चढली. सही आमच्या ह्यांची होती. शेठ सही करायच्या कामात कधी पडत नसत.

त्या वर्षी हे कर्ण्यासमोरच्या पेन्शनर मास्तरांच्या ओटीवर बसले. पहिल्या संध्याकाळी घरी आले ते डोक्याला फडकं बांधूनच. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी शिडी लावून स्वतः चिंचेवर चढले आणि चारातले दोन कर्णे उतरवून आले. काकूंनी खिडकीतून पाहिलं. म्हणाल्या, "शी, केवढा घाम तो! मालू, त्याला ताक दे."

पुढच्या वर्षी कर्णे दोनच लागले, आणि त्यांचं तोंड आलं डॉक्टरांच्या दवाखान्याकडे. मैदानाच्या कडेचा तो दवाखाना म्हणजे पुढे औषधांची खोली आणि मागे दोन खाटांची. जलशाच्या दिवशी सकाळी खाडीकडच्या गावातून धर्मा नावाच्या मिठागरातल्या माणसाला बैलगाडीतून आणलं. पायात खिळा गेला होता, आणि आता धनुर्वात. जबडा मिटलेला, जरा धक्का लागला की अंग ताठ होऊन कमानीसारखं वर उचललं जायचं. डॉक्टरांनी खिडक्यांना घोंगड्या लावल्या. "इंजेक्शन दिलंय," ते म्हणाले. "आता अंधार आणि शांतता. मोठा आवाज झाला की झटका येणार, आणि असे झटके येत राहिले तर हा जगायचा नाही." त्यांनी शेठकडे निरोपही धाडला. शेठनी उलट निरोप दिला, की परवाना मिळालेला आहे, बुवा मुंबईहून निघालेले आहेत.

संध्याकाळी अटीप्रमाणे हे दवाखान्याच्या पुढच्या खोलीत जाऊन बसले. मी धर्माच्या बायकोला कांजी घेऊन गेले होते, म्हणून तिथेच होते. बाहेर पोऱ्याने "हॅलो" म्हटलं, आणि आत खाट करकरली. धर्माच्या फक्त टाचा आणि डोकं खाटेला टेकलेलं होतं. त्याची बायको बाहेर आली. रडत नव्हती. ह्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "दादा, तो भोंगा तुमचाच हाय ना? बंद करा. आमाला दुसरा कायपन नको. माजा मानूस जायाचा."

हे धावत मैदानात गेले, त्यांच्या मागे मी. काकू पुढच्या सतरंजीवर होत्या. हे धापा टाकत म्हणाले, "काकू, परवानगी रद्द करा. आत्ताच्या आत्ता."

"मी कशाला?" काकू म्हणाल्या. "अर्ज तुझा, सही तुझी. कानांनी ऐकून तू आलायस. तूच मागे घे."

मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला. स्टेजवर शेठ बसलेले, म्हणजे आमची पोळी ज्यांच्या हातात ते. हे स्टेजच्या मागे गेले आणि कर्ण्याची वायर ओढून काढली.

जो गोंधळ झाला त्यातला अर्धा मी लिहिणार नाही. "ए कारकुंड्या!" इथपासून सुरुवात होती. "एका खारवट माणसासाठी गावाचं गाणं बुडवतोस?" असंही एक शिकलेला माणूस म्हणाला. तो पुढे आमच्याकडे सत्यनारायणाला आला तेव्हा मी त्याला प्रसाद हातावर वरून टाकला. बुवा मात्र भले निघाले. काय झालं ते विचारून घेतलं आणि तंबोरे उचलायला सांगितले. बाजारातल्या देवळात मावतील तेवढ्या माणसांसमोर ते बिनकर्ण्याचे गायले. काकू तिथेही पुढे होत्या.

धर्मा जगला. बरेच आठवडे लागले, चाल कायमची ताठर झाली, पण जगला. हिवाळाभर त्याची बायको काकूंकडे सुक्या बोंबलांची जुडी टाकून जायची. काकू सोवळ्यातल्या. "शी, काय हा वास!" म्हणत त्या ती जुडी नाक धरून आमच्याकडे पोचवायच्या, पण एकदाही परत केली नाही.

पुढच्या निवडणुकीत शेठच्या माणसांनी टांग्यावर कर्णा बांधून 'गाण्याच्या वैरिणीला पाडा' असा गावभर पुकारा केला. काकू पडल्या. ज्यांची झोप त्यांनी वाचवली त्यांनीच त्यांना पाडलं, आणि धर्माचं मत पनवेलात नव्हतं. आमच्या ह्यांचं सेक्रेटरीपद त्याआधीच गेलं होतं. अटही गेली. कर्णे पुन्हा चार झाले, मग सहा, आणि पेढे बंद झाले, कारण आता त्यांची गरज उरली नव्हती.

काकू शेवटच्या आजारात अंथरुणावर होत्या तेव्हा जलसा चालू होता. हे कोणी न सांगता तिन्ही संध्याकाळ त्यांच्या उशाशी जाऊन बसले. "शी, तू कशाला?" काकूंनी विचारलं. हे म्हणाले, "सवय." काकूंनी डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तबला चढलाय." त्याच महिन्यात त्या गेल्या.

आणि मग मंडळाने शोकसभा ठेवली. मैदानावर, कर्णे लावून. अध्यक्ष शेठच. काकूंच्या आत्म्याला ऐकू जावं म्हणून एक कर्णा मुद्दाम त्यांच्या रिकाम्या घराकडे वळवला होता. शेठ बोलले. "काकूंना शांततेची फार आवड," या वाक्याला आमच्या फडताळातली भांडी वाजली.

घराची किल्ली माझ्याकडे होती. शेठ भाषण संपवून बसले तशी मी स्टेजपाशी गेले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "शेठ, काकूंच्या घरी दोन मिनिटं येता का? त्यांची फार इच्छा होती." चारचौघांत नाही म्हणता येईना. ते आले. मी त्यांना खिडकीतल्या खुर्चीवर बसवलं, खिडकी सताड उघडली, आणि दारात उभी राहिले. बाहेर पुढच्या वक्त्याने कर्ण्यातून काकूंच्या गुणांची यादी सुरू केली.

शेठनी मला काहीतरी विचारलं. ऐकू आलं नाही. ते ओरडले, "काय काम होतं?"

"काही नाही," मी ओरडले. "संपेपर्यंत बसायचं असतं."

ते उठायला गेले, मी दारातून हलले नाही. वक्ता काकूंच्या त्यागावर आला तेव्हा त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले, चेहरा आक्रसला, आणि त्यांच्या तोंडून काहीतरी निघालं. मला शब्द ऐकू आला नाही. पण ओठ दिसले, आणि शब्द एका अक्षराचा होता.